वरची चार

सौंसरच्या मामाच्या घरात आवाज पुष्कळ होते, बोलणं तेवढं नव्हतं. सकाळी छोट्या लाइनची गाडी शिटी देत रामाकोन्याकडे जायची, मग जिनिंगचा भोंगा वाजायचा, आणि त्यानंतर दिवसभर त्या जिनिंगची घरघर भिंतीतून, जमिनीतून, अगदी पाण्याच्या रांजणातूनही ऐकू यायची. मामा त्याच जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होता. बारा-पंधरा वर्षं त्या घरघरीत उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते, आणि ऐकायला कमी आलं की माणूस बोलायचंही कमी करतो. घरी आला की पाय धुवायचा, ताटावर बसायचा आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा जेवून उठायचा. वाईट माणूस नव्हता. शनिवारी बाजारातून माझ्यासाठी आठवणीनं फुटाणे आणायचा आणि पुडी माझ्या दप्तरावर ठेवून द्यायचा, हातात कधी द्यायचा नाही.

मी त्या घरात कशी आले ते थोडक्यात सांगते. बाबा पांढुर्ण्याला रेल्वेच्या बड्या लाइनीवर, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. आई गेली तेव्हा मला नुकतंच चौदावं लागलं होतं. बाबांची गँग कधी घाटात, कधी आणखी पुढं. आठ-आठ दिवस ते क्वार्टरवर नसायचे. तेवढी पोर एकटी कशी ठेवायची म्हणून त्यांनी एक पेटी, एक वळकटी आणि मी, असं सगळं सामान सौंसरला आणून पोचवलं, उभ्या-उभ्या चहा घेतला आणि आलेल्याच बसनं परत गेले. "महिन्यानं येतो" म्हणाले होते. आले तिसऱ्या महिन्यात. आज पांढुर्णा जिल्हा झालाय, माझ्या दारावरून सौंसरच्या गाड्या दिवसभर जातात, आणि ते अंतर किती थोडं आहे याचं मला हसू येतं. त्या वेळी मला ते सातासमुद्रापलीकडचं वाटायचं.

शाळेतही माझं कुणी नव्हतं. पोरींच्या जोड्या पहिलीपासून जमलेल्या. नववीत मधूनच आलेल्या पोरीला त्या डब्यात कशाला घेतील? मी गणितात पहिली यायचे, त्यामुळं परीक्षेच्या आधी दोन दिवस माझ्याभोवती गर्दी व्हायची आणि परीक्षा संपली की ओसरायची. मधल्या सुट्टीत मी हौदाजवळ बसून भाकर खायचे. भाकरीत कधी ठेचा, कधी अंबाडीची भाजी, आणि वर मामीनं घातलेलं लसणाचं तेल. त्या तेलाच्या वासानं घरी कुणीतरी आहे असं वाटायचं.

मामीचं नाव सुमन. माझ्याहून अकराएक वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा पंचविशीची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. गल्लीत कुणाची ओटी भरायची असली की आमच्या घराचं आवतण विसरलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई सांभार, म्हणजे कोथिंबीर, मागायला आमच्याच दारात यायची. मामी सांभार द्यायची. ती बोलायची नाही असं नाही, पण ऐकणाऱ्याला ऐकू येत नसल्यामुळं तिची वाक्यं लहान झाली होती: "जेवून घ्या." "पाणी ठेवलं." "पोरीची फी." माझ्याशीही पहिले काही महिने ती अशीच बोलायची. आम्ही दोघी एकाच चुलीपुढं बसायचो, एकच भाजी निवडायचो आणि आपापली एकटी असायचो.

हे बदललं ते नर्सबाईमुळं. टोचायला येणारी एक नर्सबाई आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबायची. तिनं एकदा मामीला सांगितलं, आठवी पास असशील तर छिंदवाड्याला नर्सचं ट्रेनिंग आहे, दीड वर्ष तिथंच राहायचं, मग सरकारी नोकरी. मामी सातवी शिकलेली. आठवीची बोर्डाची परीक्षा प्रायव्हेट बसून देता येत होती. त्या रात्री जेवताना तिनं मामाला मोठ्या आवाजात, जवळजवळ ओरडूनच, ते सांगितलं. मामानं घास चावून संपवला आणि म्हणाला, "भर फारम." एवढंच. मामी उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती आठवीचं जुनं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. "कुंदे, तुले येते ना वं हे बीजगणित?"

"येते."

"मंग मले शिकव. बाकीचं मी पाठ करून घेते. हे पाठ होऊन नाही राहिलं."

माझ्या आयुष्यातली ती पहिली विद्यार्थिनी. पुढं चाळीस वर्षं मी हेच शिकवलं, सातवी-आठवीच्या पोरांना, एका पायरीची समीकरणं, आणि त्यातली निम्मी युक्ती मी मामीला शिकवता-शिकवता शिकले. रोज दुपारी, मी शाळेतून आल्यावर आणि मामा परतायच्या आधी, आम्ही मागच्या अंगणात बसायचो. ती ज्वारी निवडता-निवडता ऐकायची, मी पाटीवर लिहायचे: क्ष अधिक पाच बरोबर बारा. पहिल्याच दिवशी तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"याले क्ष काहून म्हणतेत?"

"जे माहीत नाही त्याले क्ष म्हणायचं. मंग शोधायचं."

"माहीत नाही तरी नाव देऊनच टाकलं? माही माय तं म्हणे, पोटातल्या लेकराले आधी नाव ठेवू नये." आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ती सुपातले खडे वेचायला लागली आणि त्यात खडे नव्हते. मी चौदा वर्षांची होते. मी पुढचं समीकरण लिहिलं.

पण पोरगी हुशार होती. पोरगी म्हणते मी तिला, आज माझ्या डोळ्यांपुढं ती पंचविशीची आहे आणि मी सहासष्टची. डाव्या बाजूला पाच मिळवलेत ना, मग दोन्ही बाजूंचे पाच काढ, क्षला एकटं पाड, म्हणजे तो सांगतो आपण किती आहोत ते. "एकटा पाडल्याबिगर सांगतच नाही का थो?" ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी हसली. गुणाकाराचं तर मला सांगावंच लागलं नाही. चार क्ष बरोबर वीस म्हटल्यावर म्हणाली, "चार माणसं, वीस भाकरी." भागाकाराच्या समीकरणात ती मुळीच चुकली नाही. महिन्याभरात अशी वेळ आली की शाळेची घंटा वाजली की मी पळत घरी यायचे. वाटेत विचार करायचे, आज तिला कोणता हिशोब घालायचा. आई गेल्यापासून मी कुठं पळत गेले नव्हते.

असाच एक हिशोब मी तिच्या माहेरावरून रचला. तिचं माहेर रामाकोन्याचं. तिचा बाप संत्र्यांच्या बगीच्यांत तोडणीच्या वेळी मोजणीवर असायचा आणि ही लहानपणापासून त्याच्यासोबत ढिगाशी बसलेली. मी लिहिलं: ढिगात काही संत्री होती, त्यात चार टाकली, तेव्हा शंभर झाली, तर आधी किती होती? क्ष अधिक चार बरोबर शंभर. मामीनं पाटीकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"शंभर."

मी पोट धरून हसले. ती रागावली नाही, पण तिचं मत बदललं नाही. "हसून काय राहिली? शंभरच. वरते चार कोण मोजते?" आणि तिनं मला समजावलं. बगीच्यात संत्री पाच-पाचच्या हातानं मोजतात. वीस हात झाले की शंभर. मग मोजणारा तोंडानं काही न बोलता आणखी चार उचलून वर टाकतो, पुढं सडकी-दबलेली निघतील त्याची भरपाई म्हणून. ती चार ढिगात असतात, मोजणीत नसतात. "माह्या बापानं जिंदगीभर तसंच मोजलं," ती म्हणाली. "चार टाकले तरी शंभरच राहते. तुयं पुस्तक कधी बगीच्यात गेलं नाही." मी म्हणाले, पुस्तकात टाकलेलं सगळं मोजावं लागतं, उत्तर शहाण्णव आहे. तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि तेवढ्यात मामा आला आणि पाटी पुसली गेली. उद्या पुन्हा समजावू, असं मी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात मामीची लग्नातली पेटी उन्हाला उघडून ठेवलेली होती. आतले कागद काढलेले, डांबरगोळ्यांचा वास सुटलेला, दोन लुगडी दोरीवर. नर्सबाई येऊन गेली होती. परीक्षा पास झाली की पावसाळ्याच्या आत छिंदवाड्याला जागा पक्की, तिथं बायांची राहायची सोय आहे, चार जणींत एक खोली. मामी हे सगळं एका दमात सांगत होती. इतकी वाक्यं ती माझ्याशी एका वेळी कधीच बोलली नव्हती. "चार जणी, कुंदे. रात्री बोलत बसतेत म्हणे." मी त्या पेटीकडं पाहत होते. त्या वर्षी मी तीन पेट्या पाहिल्या होत्या. आईच्या कपड्यांची, ती बाबांनी कुणाला तरी देऊन टाकली. माझी, ती सौंसरला आली. आणि आता ही. मला स्वच्छ दिसलं की पावसाळ्यात या घरात मी आणि मामा असू. तो जेवेल, मी वाढीन, आणि जिनिंगची घरघर ऐकू येईल.

मग आम्ही पाटी घेऊन बसलो. मामीनंच कालचा हिशोब काढला. "सांग बरं, थो शंभराचा. मी रात्रभर विचार केला. तुयं शहाण्णव बरोबर की माहे शंभर?"

मी म्हणाले, "तुयं बरोबर आहे, मामी. मी काल चुकली."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथं जसंच्या तसं लिहिते. आणि तेवढ्यावर मी थांबले नाही. तिच्या वहीत, माझ्या उत्तम अक्षरात, मी नियम लिहून दिला: मोठ्या आकड्यासमोर लहान आकडा मिळवलेला असेल तर तो वरचा समजावा, सोडून द्यावा. खाली उदाहरणं लिहिली. क्ष अधिक आठ बरोबर दोनशे, क्ष बरोबर दोनशे. क्ष अधिक तीन बरोबर पन्नास, क्ष बरोबर पन्नास. प्रत्येकापुढं बरोबरची खूण केली. मला ठाऊक होतं की पेपरात असले हिशोब भरपूर असतात, आणि गणितात गेलं की सगळंच गेलं. मामी वहीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मग म्हणाली, "बरं." आणि वही बंद करून दोरीवरची लुगडी काढायला गेली.

पुढचे दोन महिने मी तिला बाकी सगळं जीव तोडून शिकवलं. व्याज शिकवलं, क्षेत्रफळ शिकवलं, वजाबाकीची समीकरणं घोटून घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. जेवढं जास्त शिकवेन तेवढं ते एक पान झाकलं जाईल असं मला वाटायचं. रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. मग ती छिंदवाड्याचं काहीतरी बोलायची आणि मी पुढचा हिशोब घालायचे. शिक्षकानं चूक शिकवू नये याचा मी पुढं कानाला खडा लावला, एकाही पोराच्या चुकीच्या उत्तरापुढं खूण केली नाही, पण ज्या एका वहीत करायला नको होती ती करून झाली होती.

परीक्षा सौंसरातच होती. मामी धुतलेलं लुगडं नेसून, दोन पेनं रुमालात बांधून जायची. तिसरा पेपर गणिताचा. परत आली तेव्हा मी दारातच उभी होते. "कसा गेला?" "झाला," ती म्हणाली आणि चूल पेटवली. शेवटच्या पेपरालाही ती नेहमीच्या वेळी गेली, नेहमीच्या वेळी आली, आणि त्या दिवशी काही कारण नसताना बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला, मला आवडायचा म्हणून. तिनं मला तीनदा वाढलं. मी खाल्लं.

निकाल शाळेच्या फळ्यावर लागला. मामा बघायला गेला. परत येऊन त्यानं ओट्यावर चपला काढल्या आणि मान हलवली. "नंबर नाही." मामी कणीक मळत होती. "बरं," म्हणाली आणि मळत राहिली. मला जे हवं होतं ते झालं होतं. मामी घरात राहिली, आणि त्याच दिवसापासून मी तिच्यापासून दूर झाले. तिच्या तोंडाकडं मला बघवेना. चुलीपुढं बसायचं मी सोडलं, अभ्यासाचं निमित्त करून शेजारच्यांच्या माडीवर जाऊन बसायला लागले. ती हाक मारायची, "कुंदे, ये वं, एकटी काय बसून राहिली?" आणि मी पुस्तकातून मान वर काढायचे नाही. तिला वाटलं असेल पोरगी मोठी झाली. पूर्वी त्या घरात मी एकटी होते ती दुसऱ्यांमुळं. आता माझ्याच करणीनं होते, आणि हे एकटेपण जास्त जड होतं.

दोन वर्षांनी मी मॅट्रिक झाले. नागपूरला शिकायला जायचं मामीनंच काढलं, मामाला ओरडून-ओरडून पटवलं, तिच्या त्या पेटीत माझे कपडे भरले. मी गेले आणि सुटल्यासारखी गेले. पुढं शिक्षिका झाले, पांढुर्ण्याला घर झालं, लग्न, मुलं, सगळं रीतसर. सौंसरला वर्षा-दोन वर्षांतून एखादी चक्कर, चहापुरती. मामा वारला तेव्हा तेरावा करून मी दुसऱ्याच दिवशी परत आले. माझे यजमान म्हणायचे, तुझी मामी इतकी जीव लावते, तू अशी कोरडी का? मी काहीतरी उत्तर द्यायचे.

आता तेही नाहीत, मुलं पुण्याला आहेत, आणि मला बोलायला मोबाइल आहे. गेल्या थंडीत कळलं की मामी पडली, खाटेवर आहे. मी बस धरली. मामाच्या पुतण्याच्या घरी मागच्या खोलीत ती पडून होती, चिमूटभर झालेली, पण डोळे तेच. पुतण्याची सून चहा ठेवून गेली. मी इतकी वर्षं मनात मांडून ठेवलेलं वाक्य काढलं. "मामी, तुया वहीत मी थो नियम लिहून देला होता, वरच्या आकड्याचा. थो खोटा होता. मी जाणून लिहिला."

"माहीत हाय मले."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. आदल्या दिवशी पोट धरून हसली होती तू. रात्रीतून माहं बरोबर कसं होईन? पेपरात मी सगळे तुयासारखेच केले, पहिल्या दिवशीसारखे."

"मंग नापास कशी झाली?"

"शेवटच्या पेपराले गेलीच नाही. शाळेमांगच्या निंबाखाली बसली तीन घंटे. मंग उठून बाजारात गेली, बेसन घेतलं अन् घरी आली." तिनं पांघरूण सारखं केलं. "तू खोटं बोलली तवा तुयं तोंड पाहिलं होतं मी. माय गेलेली पोर, बाप लाइनीवर, मामाले ऐकू येत नाही. तुले कोणाजवळ टाकून जाऊ?"

बाहेर सून कुणाला तरी जेवायला हाक मारत होती. मला माडी आठवली, आणि खालून येणाऱ्या तिच्या हाका. ती माझ्यासाठी थांबली होती, आणि मी वर तोंड फिरवून बसले होते. मी रडत होते, या वयात जसं रडतात तसं, आवाज न करता. "मले एका शब्दानं सांगतलं काहून नाही, मामी? पन्नास वर्सं झाली."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "सांगतलं असतं तं तू नागपूरले गेली नसती."